कायद्याचा अभ्यास : पाठांतर आणि उपनय

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर वर्दळ सुरू होते. आम्हांस शाळा सोडून कांहीं वर्षें झालीं. तरी जुन्या विद्यार्थ्यांना ‘एकदां गुरुजींना विचारून येऊं’ असें अजून वाटतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या उतारवयाचें समाधान त्यांतच आहे. मात्र गेल्या पावसाळ्यांत जो एक विद्यार्थी आमच्याकडे आला, त्याच्या भेटीनें समाधान होण्याऐवजीं आम्हीच विचारांत पडलों. ज्यांच्या घरांत कोणी मुलगा, मुलगी किंवा सूनबाई कायद्याचा अभ्यास करीत आहे, अशीं घरें आतां थोडीं राहिलीं नाहींत. म्हणून त्या भेटीची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा मुलगा दारव्हा तालुक्यांतील एका खेड्याचा. शाळेंत असतांना तो आमच्या संस्कृताच्या तासाचें भूषण होता. शब्दरूपें, धातुरूपें, सुभाषितें, जें सांगावें तें दुसऱ्या दिवशीं मुखोद्गत. कोणी अधिकारी वर्ग पाहावयास आले म्हणजे आम्ही त्यासच उभा करीत असूं. पदवी मिळाल्यावर त्यानें यवतमाळास तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमांत नांव घातलें. जाणें-येणें रोज एस्. टी. नें. फीसाठीं आईनें आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या. आणि इतकें करून पहिल्याच वर्षीं दोन विषय राहिले. पुन्हा बसला, पुन्हा तेच दोन राहिले. ओसरीवर बसून खालमानेनें तो म्हणाला, “गुरुजी, मला सगळें पाठ आहे. मग मार्क जातात कोठें?”

आम्हीं म्हटलें, “म्हणून दाखव.”

त्यानें भारतीय न्याय संहितेंतील चोरीचें ३०३ वें कलम इंग्रजींत घडाघडा म्हणून दाखविलें. एक शब्द मागेंपुढें झाला नाहीं. आमचा ऊर क्षणभर भरून आला. नंतर आम्हीं त्याच्या पिशवींतील मागच्या प्रश्नपत्रिका चाळल्या आणि त्यांतील एका प्रश्नास आपल्याकडचा वेष चढवून त्याच्यापुढें ठेवला. एका शेतकऱ्यानें सोयाबीनचे २० कट्टे सावकाराकडे गहाण ठेवून कर्ज काढलें. कर्ज फिटलें नाहीं. एके रात्रीं त्यानें सावकाराच्या गोदामांतून ते कट्टे गुपचूप बैलगाडींत घालून घरीं आणले. त्यानें चोरी केली काय?

मुलगा चटकन् म्हणाला, “नाहीं. माल त्याचाच होता.”

“आतां म्हटलेंस त्या कलमांत ‘मालकी’ हा शब्द कोठें आला?”

तो मनांत कलम म्हणूं लागला. ओठ हलत होते. दोन वेळां आरंभापासून शेवटापर्यंत गेला आणि थांबला. चेहरा उतरला. “नाहीं, गुरुजी. ‘कब्जा’ आहे.”

ज्या मुलानें तें कलम शेंकडों वेळां म्हटलें असेल, त्यानें तें एकदांही वाचलें नव्हतें! आणि त्याच क्षणीं आमच्या ध्यानांत आलें कीं, हा दोष त्याचा जितका, तितकाच आमचाही आहे. आम्हीं त्यास म्हणावयास शिकविलें. म्हटलेल्यापाशीं थांबावयास शिकविलें नाहीं. म्हणून दाखविलें कीं शाबासकी, हा आमच्या वर्गाचा शिरस्ता होता. ती शाबासकी त्यास आज महाग पडत होती.

यावरून संस्कृताच्या अभ्यासानें मनुष्य पोपट होतो, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. आमच्याच जिल्ह्यांतील वणी येथें १८८० सालीं जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे आधीं अमरावतीस शिक्षक होते, मग यवतमाळास वकील झाले. आणि त्याच वकिलानें उतारवयांत लोकमान्यांचें चरित्र संस्कृत श्लोकांत रचलें. त्या ‘श्रीतिलकयशोर्णव’ ग्रंथास त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ सालीं, साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्याच १८८० सालीं जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करीत आणि १९३० पासून १९६२ पर्यंत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंडामागून खंड प्रसिद्ध करीत राहिले. स्वतः लोकमान्यांनीं १८७९ सालीं एल्एल्. बी. ची परीक्षा दिली आणि पुढें वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्यांसाठीं पुण्यांत लॉ क्लास चालविला. तेव्हां संस्कृत व कायदा यांचें वैर नाहीं, सख्यच आहे. प्रश्न एवढाच कीं, संस्कृतापासून आपण काय घेतों : नुसतें पाठांतर, कीं त्याबरोबर विचार करण्याची रीतही?

ती रीत न्यायशास्त्रांत आहे, आणि आमच्या मतें कायद्याच्या परीक्षार्थ्यास तिच्याइतकें उपयोगी दुसरें कांहीं नाहीं. नैयायिकांनीं अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर दिसतो, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. हा डोंगर तसाच धुरानें युक्त आहे, हा उपनय. म्हणून येथें अग्नि आहे, हें निगमन. यांतील चौथा अवयव, उपनय, हा सामान्य नियमास समोरच्या वस्तूपर्यंत आणून भिडवितो. आमच्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंत इतर सर्व होतें. उपनय तेवढा नव्हता. तो कलम लिही, कलमाखालचें स्पष्टीकरण लिही, एखाद्या निवाड्याचें नांव लिही, आणि एकदम शेवटची ओळ लिही. दिलेला शेतकरी, दिलेले कट्टे, दिलेली रात्र यांचा मध्यें पत्ताच नसे. परीक्षक गुण देतो तो याच मधल्या भागास. कारण उद्यां अशील समोर बसेल तेव्हां त्याचें काम याच भागावांचून अडणार आहे.

आतां उपनय करावयाचा तर आधीं कलमाचे अवयव सुटे करतां आले पाहिजेत. आम्हीं त्या दिवशीं पाटी मागविली आणि त्याच्याकडून ३०३ व्या कलमाच्या पांच कसोट्या लिहून घेतल्या. (१) वस्तु जंगम असावी. (२) ती दुसऱ्या कोणाच्या कब्जांत असावी. (३) त्याची संमति नसावी. (४) घेणाराचा हेतु अप्रामाणिक असावा. (५) त्या हेतूनें वस्तु हलविलेली असावी. पांचांपैकीं एक उणी पडली तरी चोरी होत नाहीं. मग एकेक कसोटी कट्ट्यांस लावून पाहिली. सोयाबीन जंगम आहे. कब्जा सावकाराचा आहे. कारण तारण म्हणून त्यानें तें आपल्या गोदामांत ठेविलें होतें. संमति नाहीं; म्हणूनच रात्र निवडली. हलविलें तर आहेच. उरला अप्रामाणिकपणा. त्या शब्दाची व्याख्या संहितेच्या दुसऱ्या कलमांत आहे : एकास गैर लाभ किंवा दुसऱ्यास गैर हानि व्हावी हा हेतु. कर्ज फिटलें नसतां तारण काढून नेलें, म्हणजे सावकाराची हानि झालीच. निगमन : माल स्वतःचा असूनही शेतकऱ्यानें चोरी केली.

येथें आम्हीं त्यास कलमाखालचीं उदाहरणें वाचावयास लाविलीं. तीं त्यानें ‘परीक्षेस येत नाहींत’ म्हणून सोडून दिलीं होतीं! मेकॉलेच्या आयोगानें १८३७ सालीं जो दंडविधानाचा मसुदा केला, त्यांत कलमांस अशीं उदाहरणें जोडण्याची पद्धत घातली. १८६० च्या दंडसंहितेंतून ती आजच्या संहितेंत आली आहे. चोरीच्या कलमाखालीं घड्याळाचीं उदाहरणें आहेत. घड्याळजीचें कांहीं देणें नसतां मालकानें आपलें घड्याळ दुकानांतून उघडपणें बळानें उचलून नेलें, तर ती चोरी नव्हे. कारण अप्रामाणिकपणा नाहीं. परंतु दुरुस्तीचे पैसे द्यावयाचे असून घड्याळजीनें तारण म्हणून घड्याळ ठेवून घेतलें असेल, आणि त्याचें तारण बुडावें म्हणून मालकानें तें नेलें, तर चोरी. गहाण घड्याळाचेंही तसेंच. वस्तु एकच, मालक तोच. एक बाब बदलली आणि उत्तर उलटलें. ज्यानें हीं उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं, त्यास सोयाबीनच्या कट्ट्यांचा प्रश्न कोठेंही अडविणार नाहीं.

तें वाचून झाल्यावर मुलगा जरा हसला आणि म्हणाला, “म्हणजे गुरुजी, आईनें आपल्याच पाटल्या पैसे न देतां उचलून आणल्या तर...” वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. आम्हीही केलें नाहीं. पण त्या दिवसापासून तें कलम त्यास विसरणें शक्य नाहीं, हें आम्हांस कळून चुकलें. नियम आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो, तेव्हांच तो खरा पाठ होतो.

असेच उंबऱ्यापर्यंत येणारे प्रश्न प्रत्येकानें स्वतः तयार करावे. आमच्या भागांत कापूस आहे, तर कापसावर करावे. शेतांत उभ्या पऱ्हाटीवरचा कापूस जमिनीस जडलेला आहे तोंवर चोरीचा विषय होत नाहीं. जमिनीपासून सुटला कीं होतो. आणि सोडविण्याची व हलविण्याची क्रिया एकच असली तरी ती चोरी ठरूं शकते, असें त्याच कलमाचें स्पष्टीकरण सांगतें. म्हणजे रात्रीं दुसऱ्याच्या शेतांत शिरून कापूस वेचणारा ‘बोंड तर झाडावर होतें’ असें म्हणून सुटत नाहीं. मग एक बाब बदलून पाहावी : धुरा चुकल्यामुळें तें शेत आपलेंच आहे असें त्यास मनापासून वाटत होतें तर? आतां चौथी कसोटी डळमळली. चांगल्या उत्तरांत असा पूर्वपक्ष स्वतःच उभा करून त्याचा विचार केलेला असतो. ज्यानें दुसरी बाजू पाहिलीच नाहीं, त्याच्या सिद्धान्तावर परीक्षकाचा विश्वास बसत नाहीं, आणि पुढें न्यायाधीशाचाही बसणार नाहीं.

निवाड्यांचेंही असेंच. मुलें निवाड्यांच्या नांवांची माळ गुंफतात. परंतु नांव म्हणजे निवाडा नव्हे. प्रत्येक निवाडा चार वाक्यांत सांगतां आला पाहिजे : काय घडलें, वाद कशाचा, निर्णय काय, कारण काय. कराराच्या विषयांत मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा १९०३ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा सर्वांच्या तोंडीं असतो. धर्मोदास या अज्ञानानें कलकत्त्याच्या एका सावकारास घर गहाण लिहून दिलें. मुलगा अज्ञान आहे हें सावकाराच्या माणसास ठाऊक होतें. गहाण टिकतें काय, आणि दिलेली रक्कम परत मिळते काय, हा वाद. गहाण टिकलें नाहीं व रक्कमही परत मिळाली नाहीं. कारण, १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें अज्ञानास करार करण्याची पात्रताच नाहीं. म्हणून त्याचा करार मुळांतच शून्य. एवढें ज्यास सांगतां येतें, त्यास तारखा व आंकडे थोडे चुकले तरी चालेल. ज्यास नुसतें नांव येतें, त्यास कांहींच येत नाहीं.

मग पाठांतर सोडूनच द्यावें काय? मुळींच नाहीं. व्याख्यांचे शब्द नेमके आलेच पाहिजेत. ‘कब्जा’ऐवजीं ‘मालकी’ लिहिलें तर काय होतें हें वर पाहिलेंच. पण पाठांतराचीही रीत असते. वैदिकांनीं संहिता जशीच्या तशी राखली ती नुसती पुन्हा पुन्हा म्हणून नव्हे. पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून त्यांनीं तेच शब्द सुटे केले, उलटसुलट केले आणि प्रत्येक वेळीं मनास जागें ठेविलें. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें कीं, शिकलेलें विसरण्याचा वेग आरंभींच सर्वांत अधिक असतो. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगांत, धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षां पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक ध्यानांत राहिला. तेव्हां पुस्तक मिटणें हा अभ्यासाचा शेवट नसून आरंभ आहे, असें समजावें.

या सर्वांवरून आम्हीं त्या मुलास जो नित्यक्रम आंखून दिला, तो येथें देतों. सकाळीं एक तास मूळ कायदा वाचावा. गाईड नव्हे, नोट्स नव्हेत, मूळ कायदा. पांच कलमांहून अधिक घेऊं नयेत. पण त्या पांचांच्या कसोट्या सुट्या करून वहींत उतराव्या. कलम आधीं मराठींत वाचावें, मग इंग्रजींत. अर्थ आपल्या भाषेंत कळला कीं इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतात. आणि आमच्या जिल्ह्यांतील खालच्या न्यायालयांत काम मराठींतच चालतें, हेंही ध्यानांत असावें. एस्. टी. च्या तासाभराच्या प्रवासांत पुस्तक उघडूं नये. सकाळच्या कसोट्या मनांत आठवाव्या, आणि जी आठवली नाहीं ती उतरल्यावर पाहावी. फोन पिशवींत ठेवावा. संध्याकाळीं घड्याळ लावून एक प्रश्न हातानें लिहावा. आठवड्यानें एकदां मागचें सर्व कोऱ्या कागदावर उतरवावें. आणि रविवारीं एक कलम घरांतील अशा मनुष्यास समजावून सांगावें, ज्यानें कायदा शिकलेला नाहीं. त्यास कळलें, तर तुम्हांस कळलें.

परीक्षेच्या दिवसाविषयीं थोडेंच. तीन तासांत पांच प्रश्न असतील, तर प्रत्येकास ३५ मिनिटें आणि शेवटचीं ५ मिनिटें वाचण्यास. पहिल्या प्रश्नावर तासभर खर्चून पांचवा कोरा ठेवणें म्हणजे एका पंगतीस पांच पक्वान्नें वाढून दुसरीस उपाशी उठविणें होय. उत्तराच्या पहिल्याच ओळींत वादाचा मुद्दा लिहावा. त्यानें परीक्षकास दिवा मिळतो.

आणखी एक सावधगिरीची सूचना. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले आहेत. १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि तिचीं ५११ कलमें ३५८ वर आलीं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. चोरीचें जुनें ३७८ वें कलम आतां ३०३ वें झालें. खुनाच्या शिक्षेचें ३०२ वें आतां १०३ वें झालें. कांहीं ठिकाणीं मजकूरही नवा आहे. उदाहरणार्थ, ५००० रुपयांहून कमी किंमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तु किंवा तिची किंमत परत केली असेल, तर आतां समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. म्हणून थोरल्या भावाचीं जुनीं गाईडें वापरूं नयेत. मात्र त्या तारखेपूर्वीं घडलेले गुन्हे जुन्याच संहितेखालीं येतात. वकील होणारास दोन्हींची ओळख हवी. ज्यानें नुसते आंकडे पाठ केले होते, त्याची विद्या त्या एका रात्रींत जुनी झाली. ज्यानें कसोट्या शिकल्या होत्या, त्यास नवे आंकडे तेवढे लिहून घ्यावे लागले.

आमच्या विद्यार्थ्यानें तो क्रम पांच महिने चालविला. मध्यंतरीं एका रविवारीं त्याची आई त्याच्याबरोबर आमच्या घरीं आली होती. ती आमच्या घरच्या मंडळींस म्हणाली, “बाई, याच्यापायीं मला आतां चोरी न् अफरातफर यांतला फरक सांगतां येतो.” आम्हीं सहज विचारलें, “काय फरक?” तिनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “चोरींत दुसऱ्याच्या हातांतली वस्तु घेतात. अफरातफरींत विश्वासानें आपल्या हातांत दिलेली खातात.” एवढ्या शब्दांत तो भेद आम्हांसही मांडतां आला नसता.

निकाल लागला. दोनपैकीं फौजदारीचा विषय सुटला; कराराचा अजून राहिला आहे. पाटल्याही अजून सावकाराकडेच आहेत. निकालाच्या दिवशीं मुलगा पेढे घेऊन आला नाहीं. वही घेऊन आला. “गुरुजी, करारांत माझा उपनय कोठें चुकतो तें पाहा,” म्हणाला. आम्हांस पेढ्यांपेक्षां ती वही अधिक गोड लागली. ज्यास आपलें कोठें चुकतें हें विचारतां येऊं लागलें, त्याच्या परीक्षेची चिंता त्याच्या घरच्यांनीं करूं नये. चिंता करावयाचीच तर आमच्यासारख्या शिक्षकांनीं आपली करावी. वर्गांत एखादें मूल घडाघडा म्हणून दाखवील, तेव्हां शाबासकी देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : “छान. आतां यांतला एक शब्द काढला तर काय होईल?”